डाव्या मुंड्याखालचं भोक

बोईसरच्या नाक्यावर, केळीवाल्याच्या हातगाडीपाशी, एका परक्या माणसाच्या अंगात सुगंधाला आपल्या हातचा स्वेटर दिसला. सकाळचे पावणेआठ झाले असतील. तारापूरहून आलेली पाळीची बस नुकतीच माणसं सांडून गेली होती, आणि ती माणसं जांभया देत, बिड्या पेटवत आपापल्या वाटेला लागत होती. त्यातलाच हा एक. बुटका, जाड मानेचा, घडातली केळी दाबून बघत "अरे भाई, ये तो सब कच्चे हैं" म्हणून हुज्जत घालणारा. सुगंधाच्या कडेवर सुलू होती, दुसऱ्या हातात दुधाची किटली. आधी दिसला तो मोरपंखी रंग. मोरपंखी स्वेटर जगात पुष्कळ असतील, असं तिनं स्वतःला बजावूनही पाहिलं. पण वर टांगलेला घड दाखवायला त्या माणसानं डावा हात उचलला आणि मुंड्याखाली, बरगडीच्या जागेवर, हरभऱ्याएवढं एक भोक उघडं पडलं. त्यातून आतल्या गंजिफ्रॉकाचा पांढरा ठिपका दिसला. मग शंकेला जागाच उरली नाही. ते भोक तिचं होतं. पोटावर स्वेटर इतका ताणला होता की तिनं मोजून घातलेल्या सुलट-उलट टाक्यांच्या रांगा फाकून त्यांची चाळणी झाली होती. माणसानं अखेर अर्धा डझन केळी घेतली, एक तिथंच सोललं, खाल्लं आणि बोटं स्वेटरच्या काठाला पुसली. किटलीतलं दूध हिंदकळून सुगंधाच्या पायावर सांडलं. "ओ बाय, रस्त्यात काय उभ्या ऱ्हायल्या, बाजूला व्हा ना!" मागून एक सायकलवाला ओरडला, तेव्हा ती बाजूला झाली. तोवर मोरपंखी पाठ रेल्वे फाटकाच्या दिशेनं निघून गेली होती.

तिचा नवरा भगवंत सहाच्या बसनं गेला होता. तारापूरच्या प्रकल्पावर एका खोलीत नाजूक मीटर तपासायचं त्याचं काम. ती खोली यंत्रानं गार ठेवलेली. बाहेर बांधकामावरची माणसं घामानं निथळत असायची आणि आत भगवंतचे दात वाजायचे. म्हणून तर स्वेटर. मे महिन्यात तिनं तो त्याच्या हातात दिला, तेव्हा त्यानं तिथल्या तिथं घालून, भिंतीवरच्या आरशासमोर उभं राहून, कानशिलावरून घाम ओघळेपर्यंत स्वतःला बघितलं होतं. नंतर तो स्वेटर घरी कधी आलाच नाही. "तिथंच ठेवतो, खुर्चीवर. इथं आणून काय करू, घामोळं उठवू?" म्हणायचा. तिलाही ते पटलं होतं. दुपारी सुलू झोपली की तिला वाटायचं, आत्ता, ह्या घटकेला, दहा मैलांवर एका गार खोलीत आपले टाके त्याच्या खांद्यांवर आहेत. आणि ते टाके सकाळी नाक्यावर केळी खात होते. ह्यांनी दिला? विकला? की हरवला आणि सांगायची हिंमत झाली नाही? घरी येऊन तिनं दूध तापवायला ठेवलं आणि ते उतू गेलं. पुसताना तिच्या लक्षात आलं की तिला राग येत नाहीये. राग आला असता तर बरं झालं असतं, रागाला बसायला जागा असते. हे नुसतंच घरभर फिरत होतं, तिच्याबरोबर, स्वयंपाकाच्या खोलीतून बाहेरच्या खोलीत आणि परत.

त्या स्वेटरचं माप तिनं सुतळीनं घेतलं होतं. सातव्या महिन्यात बाळंतपणासाठी परभणीला माहेरी निघायच्या आदल्या संध्याकाळी. टेप नव्हती. भगवंतला भिंतीशी उभं करून तिनं सुतळी त्याच्या छातीभोवती घेतली, पण मध्ये तिचं पोट येत होतं, म्हणून ती त्याच्या पाठीमागून गेली आणि गाल पाठीला टेकवून दोन्ही टोकं हातांनी चाचपत पुढं जुळवली. "श्वास घ्या. सोडा. आता धरू नका." तो हसला की माप बदलायचं. मग जिथं टोकं जुळली तिथं तिनं गाठ मारली. ती गाठ घेऊन ती आगगाडीत बसली. परभणीला आई म्हणाली, बाळाची टोपडी विण, नवऱ्याचं काय घेऊन बसलीस. तिनं टोपडी रात्रीत उरकली आणि दिवसा नवऱ्याचं घेऊन बसली. पुढची बाजू मुंड्यापर्यंत आली होती. शहात्तरावा टाका की सत्याहत्तरावा, ती मोजत होती, आणि कंबरेतून एक कळ आली. दोन टाके एकत्र विणले गेले, लोकर नुसतीच सुईवर पडली, आणि पुढच्या कळेला सुया हातातून सुटल्या. सुलू दुसऱ्या दिवशी झाली. सव्वा महिन्यानं तिनं सुया परत हातात घेतल्या तेव्हा ते भोक तिला दिसलं होतं. चार ओळी उसवल्या असत्या तर बुजलं असतं. शाळेत शिवणाच्या बाई असली चूक दिसली की अख्खा तुकडा उसवायला लावायच्या. तिनं भोकावर बोट ठेवलं, इकडंतिकडं बघितलं आणि तसंच पुढं विणायला लागली. का, ते तिला तेव्हाही सांगता आलं नसतं. भगवंतला तिनं कधी सांगितलं नाही. त्याला ते कधी दिसलंही नाही.

खरं म्हणजे तिला विणायला आवडायचं, एवढंच होतं. पण 'आवडतं' हे काही उत्तर नव्हे. आजूबाजूच्या बायका विचारायच्या, "कोनासाटी?" आणि ह्या मुलखात, जिथं पौषातसुद्धा पंखा लागतो, तिथं लोकर विणणाऱ्या बाईकडे त्या प्रश्नाचं उत्तर नसायचं. पालघरच्या दुकानदारानं लडी काढताना त्यांच्यावरची धूळ झटकली होती आणि म्हणाला होता, "ताई, हा माल आमच्या वडलांनी चुकून आणलेला. तुम्ही नेलात तर त्यांच्या आत्म्याला शांती मिळेल." दमट हवेत लोकर जड होते, सुईवर कुरकुरते, तळहात घामेजले की टाका पुढं सरकत नाही. मग ती सुलूच्या डब्यातली पावडर बोटांना लावायची. पण एकदा टाके लागले, सुई आत, लोकर वरून, सुई बाहेर, की डोक्यात एक बारीक टिकटिक सुरू व्हायची आणि त्या टिकटिकीत भांडी, ओले लंगोट, सासूबाईंच्या पत्राचं न लिहिलेलं उत्तर, सगळं लांब जाऊन बसायचं. सुलूची दुपारची झोप तासाभराची. कधी पाऊण तास. त्यातली प्रत्येक ओळ ही चोरलेली. आणि चोरीला एक पांघरूण होतं, ते म्हणजे भगवंतची गार खोली. नवऱ्याला लागतो म्हणून विणते, म्हटलं की कोणी पुढं बोलत नसे. आता त्या पांघरुणाखाली दुसराच माणूस निघाला होता. आणि मग प्रश्न उरत होता, की ह्यांना तो नकोच होता का? आरशापुढं उभे राहिले ते माझ्या समाधानासाठी?

"पोटात दुकतंय काय तुझ्या?" काशीबाईनं विचारलं. काशीबाई घरमालकीण. पुढचं घर तिचं, मागच्या दोन खोल्या सुगंधाच्या. दुपारी सुलूला झोळीत टाकलं की काशीबाई ओटीवर बांबूचा तट्ट्या अंथरायची आणि दोघी आपापली गोधडी घेऊन बसायच्या. लोकर बघून तिनंच पहिल्या महिन्यात फर्मान काढलं होतं, "ह्ये काटेरी कापड पोरीला घालून मारशील काय? बस हितं. गोदडी शीक." तेव्हापासून सुलूसाठी एक लहान गोधडी चालली होती. चिंध्या काशीबाईच्या घरच्या. तिचं जुनं हिरवं लुगडं, तिच्या लेकाचा खाकी सदरा, शेजारच्या कोणा नलूचा परकर, आणखी कोणाकोणाचं. पहिल्यांदा सुगंधाला शिसारीच आली होती. कोणाच्या अंगावरचं, कोणाच्या घामाचं, आणि आपलं लेकरू त्यावर? तिनं ते दोनदा उकळून घेतलं होतं, काशीबाईची पाठ वळलेली असताना. लोकरीचं तसं नसतं. लोकर एकच धागा, पहिल्या टाक्यापासून शेवटच्यापर्यंत आपला. चुकलं तर ओढलं की झालं, धागा परत होता तसा. गोधडीला कात्री लावली की लावली. पण हळूहळू तिला त्यातही मजा वाटायला लागली होती, नवशिक्याला वाटते तशी, वेड्यासारखी. खाकीशेजारी जांभळं ठेवून बघायचं, उचलायचं, परत ठेवायचं. कडेनं सुरू करायचं, दोऱ्याची ओळ चारी बाजूंनी फिरवत आत आत यायचं. टाके सरळ येत नव्हते, मुंग्यांनी वाट चुकावी तसे जात होते. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे, जसजशी ती मध्याकडे येत होती तसतसं ढिलं कापड पुढं ढकललं जाऊन मधोमध एक फुगा आला होता. दाबलं की इकडून बसे, तिकडून उठे.

"काही नाही दुखत."

"मंग गोदडीला पोट आनलंस तसं तोंड कशापाय फुगवलंस?" काशीबाई खदखदली. मग फुग्यावर तळहात ठेवून म्हणाली, "एकटी शिवतेस ना, म्हनून. चार बायका चार अंगांनी बसल्या की कापड हलत नाय. ही तिकडून धरते, ती हिकडून. तू आपली एकटीच कडेनं आत, कडेनं आत. मंग सगला झोल जानार कुठं? मदीच."

सुगंधानं सुई खोचली. चार वेळा दोरा तुटला. झोळीच्या दोरीचा कर्र कर्र आवाज, पलीकडे मालगाडी, ओटीखाली कोंबड्या. तिला तो माणूस परत परत दिसत होता, बोटं पुसताना. त्याच्या काखेत तिची मापं. मुंड्याला तिनं सहा टाके कमी केले होते, भगवंतचे खांदे उतरते म्हणून. सुतळीवर नव्हतं ते माप. पाठीला गाल टेकवून उभी असताना तिच्या गालानं घेतलेलं. आणि त्या जागेत आता तो जाड मानेचा. हे कोणाला सांगण्यासारखंही नव्हतं. सांगितलं असतं तर काशीबाई म्हणाली असती, स्वेटरच ना?

साडेचारला भगवंत आला तो शिंकतच. एक, दोन, तीन. उंबऱ्यात टेकून बुटांच्या नाड्या सोडायला लागला. सुगंधानं गवती चहा तोडून आणला, आधण ठेवलं.

"गारठलात?"

"हं. आज जरा जास्तच."

"स्वेटर होता ना?"

नाडीची गाठ सोडवायला त्याला बराच वेळ लागला. "होता की."

इतका वेळ जे घरभर फिरत होतं त्याला आता बसायला जागा मिळाली. हे खोटं बोलले. लहानसं, दोन शब्दांचं. पाण्याला उकळी आली होती. तिकडे तोंड करूनच ती म्हणाली, "सकाळी नाक्यावर एक जण केळी घेत होता. मोरपंखी स्वेटर घालून."

भगवंतनं मान वर केली. आणि मग तो हसला. चांगला मोठ्यानं, शिंक आणि हसू एकत्र. "आयला! म्हणजे रामकिसन! घालून घरी गेला होय लेकाचा? आम्ही सगळी खोली पालथी घातली!"

तिनं चहाचा कप त्याच्यापुढं जरा आपटूनच ठेवला. हसू थांबलं.

"आता तोंड काहून पाडलंस? ऐक तर." मग त्यानं सांगितलं. एका पाळीला दोन माणसं, अशा तीन पाळ्या. सगळे नांदेड, परभणी, नाहीतर इथलेच किनाऱ्यावरचे. स्वेटर कोणाकडं असणार? जाड कोट येणार आहेत, कागद वर गेलाय, पण कागद वर गेला की वरच राहतो. रामकिसन नांदेडचा, त्यानं जन्मात लोकर अंगाला लावली नव्हती. पहिल्या दिवशी त्याचे हात असे थरथरायला लागले की मीटरचा काटा हलतोय की हा, कळेना. "म्हटलं घाल तासभर. मग दुसऱ्यानं मागितला. आता खुंटीवर असतो. ज्याची पाळी तो घालतो. आमच्या पाळीला मी अर्धी पाळी, अर्धी दुसरा. मी एकटा घालून बसू, आणि बाकीचे कुडकुडत माझ्याकडं बघत बसतील?"

"मला सांगायचं."

"काय सांगू? तुला वाईट वाटलं असतं."

"आता नाही वाटत?"

ह्यावर त्यानं चहाचा घोट घेतला. खाली बघून म्हणाला, "पहिल्या पाळीला गेलो की बरं असतं. रामकिसननं नुकता काढलेला असतो. गरम असतो."

ते ऐकून सुगंधाच्या अंगावर काटा आला. शिसारीचा की कशाचा, ते तिला कळलं नाही. "रविवारी घरी आणा," ती म्हणाली. "धुवायचाय."

"आणतो. पण सोमवारी परत दे बरं का. सकाळच्या पाळीला लागेल."

परत दे. तिचाच, तिनं परत द्यायचा. पुढचे तीन दिवस ते दोन शब्द दाताखाली खडा यावा तसे येत राहिले. तिनं भाकऱ्या करपवल्या, सुलूच्या झबल्याला उलटी बाही लावली. भगवंत घरी आला की तिच्याकडे बघत वावरायचा, बोलायला तोंड उघडायचा आणि शिंकायचा. आणि शनिवारपर्यंत तिचं ठरलं. तो स्वेटर परत जाणार नाही. ती तो उसवणार. धागा धुऊन, वाळवून, गुंडा करून डब्यात ठेवणार. कोणाला काही बोलायचं नाही, भांडायचं नाही. नुसतं उसवायचं. जे एका माणसासाठी होतं ते कोणासाठीच नसलेलं बरं.

रविवारी दुपारी भगवंत केस कापायला गेला. सुलू झोपली. सुगंधानं वर्तमानपत्रात गुंडाळलेला स्वेटर सोडला आणि आधी वास आला. बिडी, खोबरेल, मशीनचं तेल, आणि खाली कुठंतरी सुक्या बोंबलाचा. भगवंतचा वास त्यात असेलही, पण तो वेगळा काढता येईना, तिनं दोनदा नाक खुपसून बघितलं तरी. मग तिनं कात्रीच्या टोकानं गळ्याची पट्टी सोडवली, खांद्याची आणि कुशीची शिवण काढली, डावी बाही मोकळी करून बाजूला ठेवली, टोक शोधलं आणि ओढलं. टर्र टर्र टर्र करत ओळ सुटली. उसवण्यात एक मजा असते, ती तिनं कधी कोणाला सांगितली नव्हती. विणायला आठ दिवस लागलेलं आठ मिनिटांत हातात येतं, शेवयांसारखं वळ्यावळ्यांचं, अजून आपल्या टाक्यांची आठवण धरून असलेलं. खांदा गेला. खांदा विणला तेव्हा सुलू दोन महिन्यांची होती, पाटावर पालथी पडून रडत होती. मुंडा गेला, तिनं कमी केलेले ते सहा टाके एकामागून एक सुटले. इथं सुलूचा पहिला ताप. इथं आई सुपारी कातरत बसलेली. ती मागं मागं चालली होती. अजून थोडं मागं गेलं की कळेची ती ओळ, आणि तिच्याखाली अशी एक सुगंधा, जिच्या मांडीवर लेकरू नव्हतं, जिला कोणी 'सुलूची आई' म्हणत नव्हतं, दुपारभर विणत बसली तरी जिचं काही चोरीला जात नव्हतं. तिनं जोरानं ओढलं. धागा अडकला.

परत ओढलं. येईना. तिनं तुकडा उजेडात धरला. भोक तिथंच होतं, हरभऱ्याएवढं, तिचंच. पण त्याच्या भोवतीनं काळपट सुताच्या बारीक गाठी होत्या. आठ-नऊ. इतक्या लहान आणि इतक्या सारख्या अंतरावर, की लांबून त्या तिच्याच टाक्यांतल्या वाटाव्यात. भोकाशेजारचा एक टाका कधीतरी तुटला असणार, खाली शिडीसारखी ओळ सुटायला लागली असणार, ती कोणीतरी वर उचलून एकेक फास बांधून टाकला होता. पण भोक बुजवलं नव्हतं. तिनं नखानं गाठ सोडवून बघितली. सुटेना. सुईनं बघितली. नाहीच.

"ह्ये काय, उसवतेस?" काशीबाई सुलूची गोधडी काखेत मारून दारात उभी होती. आत येऊन तिनं तुकडा हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. "गाठी कोनी मारल्या ह्या?"

"काय माहीत. तिथल्याच कोणीतरी."

"कोली हाय तो. जाल्याची गाठ हाय ही. माजं म्हायेर दातिवऱ्याला, मी नाय वलखनार?" मग एकाएकी काशीबाईला हसू फुटलं. अंग हलवून, पदर तोंडाला लावून. "आगं, येडा हाय! भोक बुजवलंच नाय त्यानी!"

"तेच म्हणते. का बुजवलं नसेल?"

"जाल्याची भोकं बुजवतात काय, बाय? भोकं बुजवली तर जालं कसलं, चादर झाली. जाल्याला भोक पायजेच. फाटून मोटं झालं तर कडंनी गाठी मारायच्या, व्हतं तेवडं परत करायचं. त्याला वाटलं, तुजं बी मुद्दाम ठेवलेलं हाय. त्यानी तुजं भोक राखलंय!" आणि परत हसायला लागली.

सुगंधा हसली नाही. तिला केळव्याचा किनारा आठवला. एकदाच गेले होते ते, मागच्या दिवाळीत. माडांच्या सावलीला एक म्हातारा बसला होता, जाळं पायाच्या अंगठ्यात अडकवून, हातात बांबूची चपटी सुई. ती सुलूला घेऊन कितीतरी वेळ उभी राहिली होती. भगवंत हाका मारत होता, पाणी बघायचं सोडून हे काय बघतेस. तिला सांगावंसं वाटलं होतं, अहो, हापण विणतोय. सांगितलं नव्हतं. म्हातारा मान वर न करता बोटांनी जाळ्याचं एकेक घर मोजून बघत होता आणि पुढच्या घराकडे जात होता. कोणीतरी तसंच हे मोजलं होतं. टाक्याला टाका लावून, तिच्या हाताचा ताण कितपत आहे ते बोटाला कळेपर्यंत. नऊ महिने नवऱ्याच्या अंगाखांद्यावर असून जे कोणी बघितलं नव्हतं, ते एका परक्या माणसानं बघितलं होतं आणि ते चूक आहे असं त्याला वाटलंच नव्हतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्याबरोबर भलताच एक अस्वस्थपणा, कोणीतरी आपल्याला झोपेत बघून गेल्यासारखा.

कोयनेलच्या कुंपणापलीकडून भगवंत आला. मानेवर बारीक केस, कानामागं साबण. तट्ट्यावर पसरलेली वळ्यावळ्यांची लोकर बघून जागीच थांबला. "अगं! हे काय केलंस? उद्या पाळीला..." पुढचं त्यानं गिळलं. काशीबाईनं दोघांकडे बघितलं, "मी कोंबड्या बगते," म्हणाली आणि गेली, गोधडी तिथंच टाकून.

"ह्या गाठी कोणी मारल्या?" सुगंधानं विचारलं.

तो वाकून बघायला लागला. म्हणजे त्याला भोक आत्ता दिसत होतं, पहिल्यांदा. "रामा तांडेल असेल. खलाशी, म्हणजे वरकामाचा गडी आहे आमच्याकडं, दातिवऱ्याचा. चाळिशीचा बाप्या. खोली पुसायला येतो तेव्हा तोही घालतो. हो, रामाच. एकदा कोपऱ्यात बसला होता घेऊन. मी म्हटलं, रामा, काय करतोस रे? तर म्हणाला, वयनीनी ठेवलेलं भोक वाडाया लागलंय, बांदून ठेवतो." तो थांबला. "मला तेव्हा कळलं नव्हतं कशाबद्दल बोलतोय. तू ठेवलं होतंस?"

"हो."

"काहून?"

तिनं सांगितलं. कळ, शहात्तरावा टाका, सुया हातातून सुटल्या ते. थोडक्यात, खाली बघत. भगवंत उकिडवा बसला. त्यानं करंगळी भोकात घालून बघितली आणि लगेच काढून घेतली, कोणाला लागेल की काय अशी.  मग म्हणाला, "नको देऊस परत. मी सांगेन काहीतरी."

पुन्हा खोटं सांगतील, शिंकत. तिला हसू आलं. तिनं पत्र्याचा डबा पुढं ओढला आणि सुया, सुलूच्या टोपड्यातून उरलेली पिवळी लोकर, बटणं उपसून तळाशी गेलेली सुतळी काढली. गाठ अजून होती.

"तुमच्यात सगळ्यात रुंद कोण?"

"आँ?"

"अंगानं. रामकिसनच ना?"

"रामकिसनच. पण..."

"किती? दाखवा हातानं."

भगवंतनं बिचकत दोन्ही हात पुढं धरले, कोणाला तरी मिठी मारावी तसे. तिनं सुतळी त्या पोकळीभोवती घेतली. "एवढा?"

"अजून थोडा."

"एवढा?"

"अजून. जेवण झाल्यावरचा धर."

"दोन्ही कुशींना पिवळी पट्टी घालते. वर परत विणावं लागेल. आठ दिवस तरी."

"आणि आठ दिवस आम्ही काय पांघरायचं?"

तिनं तट्ट्यावरची अर्धवट गोधडी त्याच्याकडे सरकवली. "ही न्या. पोट आलंय तिला, रामकिसनला बरोबर बसेल. आणि रामाला म्हणावं, मधल्या झोळाचं काही करता येत असेल तर बघ."

भगवंतनं गोधडी उलगडली. खाकी, जांभळं, हिरवं, मुंग्यांच्या वाटा, मधोमध तो फुगा. ती त्यानं खांद्यावर घेऊन बघितली आणि भिंतीवरच्या आरशापुढं जाऊन उभा राहिला. घामाचा एक थेंब त्याच्या कानामागच्या साबणातून वाट काढत खाली आला. तिनं सुतळीवर जुन्या गाठीच्या पुढं सहा बोटं मोजली आणि दुसरी गाठ मारली. पहिली सोडली नाही. झोळीत सुलूनं कूस बदलली. उठायला अजून वीस मिनिटं असतील. कदाचित पंधराच. सुगंधानं बोटांना पावडर लावली आणि भोकाच्या वरच्या ओळीतले सुटे टाके एकेक करून सुईवर घ्यायला लागली.